सूपच्या वाटीतील गोट्या

किराणा दुकानाच्या फळीवरचे तयार सूपचे एखादे पाकीट हातात घ्या आणि नीट पाहा. पाकिटावर एका वाटीचे रंगीत छायाचित्र असते. त्या वाटीत गाजराच्या केशरी चकत्या, हिरवेगार मटार आणि मक्याचे पिवळेधमक दाणे अगदी वरपर्यंत आलेले असतात. चमचा बुडवायलाही जागा नाही, इतकी भाजी! मग आपण ते पाकीट घरी आणतो, पाण्यात कालवून उकळतो आणि वाटीत ओततो. आता काय दिसते? एकसारखा दाट रस, आणि कडेला तरंगणारा कोथिंबिरीचा एखादा तुकडा. भाजी गेली कोठे? चमच्याने तळ ढवळला की ती सापडते. थोडीशीच असते, पण असते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न, भाजी तळाशी का गेली? दुसरा, छायाचित्रात ती वर कशी राहिली? पहिला प्रश्न आर्किमिडीजचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत १९७० साली चक्क सरकारी आयोगासमोर आले. ते उत्तर म्हणजे काचेच्या गोट्या!

भाजी तळाशी का जाते?

द्रवात बुडालेल्या वस्तूवर द्रव वरच्या दिशेने बल लावतो. त्याला प्लावक बल म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. वस्तूने जेवढा द्रव बाजूला सारला, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके हे बल असते. वस्तूची घनता द्रवाच्या घनतेहून अधिक असेल, तर वस्तूचे वजन ह्या बलावर मात करते आणि वस्तू बुडते. शिजलेले गाजर, बटाटा, मटार ह्यांची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक असते. फरक थोडासाच आहे; पण तळ गाठायला तेवढा पुरतो.

तुम्ही म्हणाल, सूप तर पाण्याहून दाट असते. खरे आहे. पण 'दाट' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक घनता आणि दुसरी श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. मक्याचे पीठ लावून सूप घट्ट केले की त्याची श्यानता पुष्कळ वाढते, घनता मात्र फारशी वाढत नाही. श्यानतेमुळे भाजीचा बुडण्याचा वेग कमी होतो, इतकेच. सूप अगदी खिरीसारखे घट्ट नसेल, तर आज ना उद्या भाजी खाली जाणारच.

जेवणाऱ्याला ह्याचे काही वाटत नाही. तो चमचा तळापर्यंत नेतो आणि सगळे खातो. आमटीतल्या शेंगा किंवा मिसळीच्या कटाखालची मटकी आपण अशीच शोधून खातो. पण छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याला चमचा नसतो. त्याला दिसतो तो फक्त पृष्ठभाग, आणि तोही एका क्षणाचा. शिवाय दिवे लावणे, सावल्या जुळवणे, भिंगाची जागा ठरवणे ह्यांत बराच वेळ जातो. तोपर्यंत भाजीने तळ गाठलेला असतो.

गोट्यांची युक्ती

अमेरिकेतील कॅम्पबेल ही सूप बनवणारी फार जुनी कंपनी. तिची स्थापना १८६९ सालची. जॉन डॉरन्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ साली ह्याच कंपनीत आटवलेल्या सूपची पद्धत बसवली. डब्यात पाणी कमी भरायचे आणि ते गिऱ्हाइकाने घरी घालायचे. त्यामुळे डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि हे सूप घरोघर पोहोचले.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ह्या कंपनीच्या काही जाहिरातींसाठी सूपच्या वाटीची छायाचित्रे घेताना वाटीच्या तळाशी पारदर्शक काचेच्या गोट्या घालण्यात आल्या. सूप खरे होते, भाजीही त्याच सूपातली होती. पण गोट्यांनी तळ उंच केला आणि त्यावर बसलेली भाजी पृष्ठभागापर्यंत आली.

ह्याने किती फरक पडतो? आपण एक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ज्याच्या तळाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे असे सरळ भिंतीचे एक भांडे घ्या. त्यात ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत सूप भरले, म्हणजे एकूण आकारमान ५०० घन सेंटिमीटर झाले. त्यांपैकी ९० घन सेंटिमीटर भाजी आहे आणि ४१० घन सेंटिमीटर रस.

भाजीचे तुकडे तळाशी बसतात तेव्हा त्यांच्यात फटी राहतात. ढिगाचा साधारण ६० टक्के भाग तुकड्यांनी आणि उरलेला रसाने भरतो, असे धरू. म्हणजे ढिगाचे आकारमान १५० घन सेंटिमीटर, आणि त्याची उंची दीड सेंटिमीटर. ढिगाच्या माथ्यावर साडेतीन सेंटिमीटर रस उभा आहे! गढूळ रसातून एवढ्या खोलवरचे काहीच दिसत नाही.

आता साडेतीन सेंटिमीटर उंचीपर्यंत गोट्या घाला. गोट्यांच्या थराचे आकारमान ३५० घन सेंटिमीटर झाले. सारख्या आकाराचे गोळे कसेही ओतले तरी ते जागेचा साधारण ६० टक्के भाग व्यापतात. म्हणजे गोट्यांचे स्वतःचे आकारमान २१० घन सेंटिमीटर. गोटीचा व्यास १.६ सेंटिमीटर असेल, तर तिचे आकारमान सव्वादोन घन सेंटिमीटरहून थोडे कमी भरते. भागाकार करा. जवळजवळ शंभर गोट्या लागतील.

भाजी ह्या गोट्यांच्या फटींतून खाली का जात नाही? तीन गोट्या एकमेकींना टेकल्या की त्यांच्यामध्ये जी फट उरते, तिच्यातून गोटीच्या व्यासाच्या सहाव्या भागाहून मोठा गोळा जाऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात हे माप अडीच-तीन मिलिमीटर आले. मटार आणि गाजराच्या चकत्या त्याहून मोठ्या. त्या गोट्यांवरच बसतात. दीड सेंटिमीटरचा भाजीचा ढीग आता थेट पृष्ठभागाला टेकतो.

पण गणित येथेच संपत नाही. पातळी तीच, ५ सेंटिमीटर, राखायची तर २१० घन सेंटिमीटर रस काढून टाकावा लागेल. भांड्यात आता उरले काय? भाजी ९०, रस २०० आणि गोट्या २१० घन सेंटिमीटर. पूर्वी खाण्याजोग्या पदार्थात भाजीचे प्रमाण ५०० मध्ये ९०, म्हणजे १८ टक्के होते. आता ते २९० मध्ये ९०, म्हणजे ३१ टक्के झाले. आणि पाहणाऱ्याला तर पृष्ठभागावर सगळी भाजीच भाजी दिसते. खालीही तशीच असेल, असे तो गृहीत धरतो.

खरी गोम ह्या 'गृहीत धरण्यात' आहे. छायाचित्रात एकही पदार्थ खोटा नाही. तरीही ते पाहून मनात जो निष्कर्ष निघतो, तो खोटा आहे.

आयोगापुढे

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाचा सरकारी आयोग आहे. व्यापारातील फसवणुकीला आळा घालणे हे त्याचे एक काम. आयोगाने ह्या जाहिरातींना आक्षेप घेतला. आक्षेप सरळ होता: गोट्यांमुळे सूपात प्रत्यक्षाहून अधिक भाजी आहे असे दिसते, आणि गोट्या घातल्याचे पाहणाऱ्याला सांगितलेले नाही.

कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. भाजी आपोआप तळाशी जाते. तेव्हा साधे छायाचित्र घेतले तर सूपात भाजी नाहीच असे वाटेल, आणि तेही खोटेच ठरेल. मग काय करायचे?

मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी तुम्हीच क्षणभर विचार करा. भाजी दिसावी, पण फसवणूक होऊ नये, असा मार्ग कोणता?

एक मार्ग म्हणजे पसरट ताटलीत सूप ओतणे. रसाची खोली दीड-दोन सेंटिमीटर असेल, तर भाजी गोट्यांशिवायच दिसेल आणि तिचे प्रमाणही खरे राहील. दुसरा मार्ग म्हणजे चमचा किंवा पळी तळापासून वर उचलतानाचे छायाचित्र. तिसरा, काचेच्या भांड्याचे बाजूने घेतलेले छायाचित्र. तिन्ही मार्गांत भाजी दिसते आणि तिन्हींत ती जेवढी आहे तेवढीच दिसते.

१९७० साली हे प्रकरण तडजोडीच्या आदेशाने मिटले. अशा जाहिराती पुन्हा न करण्याचे कंपनीने मान्य केले. पण त्याआधी एक वेगळीच गोष्ट घडली. वॉशिंग्टन शहरातील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या प्रकरणात उडी घेतली. त्यांनी आपल्या गटाचे नाव ठेवले 'स्टुडंट्स अपोजिंग अनफेअर प्रॅक्टिसेस', म्हणजे अनुचित प्रथांना विरोध करणारे विद्यार्थी. ह्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की काय होते? 'सूप'!

विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की नुसते 'पुन्हा करू नका' एवढे पुरेसे नाही. जाहिरात लाखो लोकांनी पाहिली, त्यांच्या मनावर ठसा उमटला. जाहिरात थांबवली तरी ठसा पुसला जात नाही. म्हणून कंपनीने आपल्याच खर्चाने चूक दुरुस्त करणारी जाहिरात दिली पाहिजे. आयोगाने सूपच्या बाबतीत ही मागणी मान्य केली नाही. पण गरज पडल्यास असा आदेश देता येईल, हे तत्त्व त्याने मानले.

हे तत्त्व पुढच्याच वर्षी उपयोगी पडले. 'प्रोफाइल' नावाच्या पावाची जाहिरात वजन कमी करू पाहणाऱ्यांना उद्देशून केली जात असे. ह्या पावाच्या एका कापात इतर पावांपेक्षा सुमारे सात कॅलरी कमी, हे खरे होते. पण का? तर काप पातळ कापलेला होता! वजनाच्या मानाने पाहिले तर फरक नव्हताच. १९७१ च्या आदेशानुसार कंपनीला एक वर्षभर आपल्या जाहिरातखर्चाचा चौथा हिस्सा ही गोष्ट लोकांना सांगण्यासाठी वापरावा लागला. 'दर कापास' आणि 'दर शंभर ग्रॅमला' ह्यांतील फरक विद्यार्थ्यांनी कधीच विसरू नये, तो ह्यासाठी.

बटाट्याचे आइस्क्रीम चालते का?

आता तुम्हांला वाटेल, छायाचित्रासाठी काहीही बनावट वापरणे म्हणजे फसवणूकच. तसे नाही. ह्याचा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली एका निकालात केला होता. खटला दाढीच्या फेसाचा होता. १९५९ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखवीत. काचकागदावर, म्हणजे सुतार वापरतात त्या पॉलिश पेपरवर, हा फेस लावायचा आणि लगेच वस्तरा फिरवायचा, कागद गुळगुळीत! प्रत्यक्षात तो कागद नव्हताच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तक्त्यावर वाळू पसरलेली होती. खरा काचकागद असा तासायचा, तर तो सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे.

न्यायालयाने ही फसवणूक ठरवली, आणि तसे ठरवताना आइस्क्रीमचे उदाहरण घेतले. समजा, एखाद्या प्रसंगात माणसे आइस्क्रीम खाताना दाखवायची आहेत. प्रखर दिव्यांखाली आइस्क्रीम वितळते, म्हणून त्याजागी कुस्करलेला उकडलेला बटाटा ठेवला. येथे बटाटा कोणत्याही दाव्याचा पुरावा म्हणून पुढे केलेला नाही. पण 'पाहा, आमच्या आइस्क्रीमचा पोत किती छान!' असे म्हणून बटाटा दाखवला, तर ती फसवणूक होते. वस्तू तीच, ती कशाचा पुरावा म्हणून मांडली, ह्यावर सारे अवलंबून.

ह्यावरून अन्नाच्या छायाचित्रणात पुढे एक सोपा व्यवहार रूढ झाला. जी वस्तू विकायची ती खरी हवी. भोवतालची सजावट बनावट चालते. पावावर लावायचा मुरंबा विकायचा असेल, तर मुरंबा खरा, आणि शेजारच्या पेल्यातले आइस्क्रीम बटाट्याचे!

छायाचित्रकाराचे रसायन आणि भौतिक

ही सजावट कशी करतात ते पाहिले, तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील कितीतरी धडे तेथे भेटतात.

थंड पेयाचा पेला घ्या. त्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब जमतात, कारण पेल्याचे तापमान दवबिंदूच्या खाली असते आणि हवेतील बाष्पाचे संघनन होते. पण हे थेंब मोठे होऊन ओघळतात आणि पेला कोमट झाला की वाळतात. म्हणून ग्लिसरीन आणि पाणी ह्यांचे मिश्रण फवारतात. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता पाण्याच्या हजारपटीहून अधिक असते, त्यामुळे मिश्रणाचा थेंब चटकन ओघळत नाही. शिवाय ग्लिसरीन आर्द्रताशोषक आहे आणि ते सहजी उडून जात नाही. असा थेंब दिव्यांखालीही तासन्‌तास टिकतो.

पेल्यातला बर्फ पुष्कळदा ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा असतो. तो वितळत नाही, हे झाले एक कारण. दुसरे अधिक गमतीचे आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि बर्फाचा १.३१, म्हणजे जवळजवळ सारखेच. त्यामुळे स्वच्छ बर्फ पाण्यात बुडाला की प्रकाश त्यातून फारसा न वळता जातो आणि बर्फाच्या कडा धड दिसतच नाहीत. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. पाण्याशी फरक मोठा, म्हणून कडा ठळक दिसतात. बनावट बर्फ खऱ्या बर्फापेक्षा अधिक बर्फासारखा दिसतो!

दुधातल्या मक्याच्या पोह्यांचे, म्हणजे कॉर्नफ्लेक्सचे, छायाचित्र घेताना दुधाऐवजी पांढरा डिंक वापरण्याची पद्धत आहे. पोह्यांत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. केशाकर्षणाने दूध त्यांत चढते आणि पोहे मऊ पडतात. दाट डिंक मात्र त्या पोकळ्यांत लवकर शिरत नाही.

गरम पदार्थावरची वाफ टिपायची असेल, तर काय करतात? खरी वाफ वायुरूप आणि अदृश्य असते. आपल्याला दिसतात ते तिच्यापासून बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. थेंबांमुळे विखुरलेला प्रकाश पुष्कळसा पुढच्याच दिशेला जातो. म्हणून दिवा पदार्थाच्या मागे आणि कॅमेरा समोर ठेवतात. पार्श्वभूमी गडद घेतात. हिवाळ्यात सकाळी खिडकीतल्या उन्हासमोर चहाचा कप धरून पाहा, आणि मग ऊन पाठीशी घेऊन पाहा.

मटार हिरवे कसे राहतात? पानांतील आणि शेंगांतील हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. भाजी फार वेळ शिजली की तिच्यातलीच आम्ले ह्या अणूची हकालपट्टी करतात, त्याजागी हायड्रोजन येतो आणि रंग शेवाळी-करडा होतो. म्हणून छायाचित्रासाठी भाजी उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर ठेवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. डबाबंद मटार टिकाऊ होण्यासाठी खूप तापवावे लागतात. तेव्हा डब्यातला दाणा आणि डब्यावरचा दाणा ह्यांचा रंग वेगळा असला, तर त्यामागे हे रसायन आहे.

पूर्वीच्या तापदीपांत विजेचा फार थोडा भाग प्रकाशात रूपांतरित होई. बाकीची उष्णता होऊन पदार्थाचा नाश करी. आता क्षणदीप्ती आणि एलईडी दिवे आले. खोली तापत नाही, छायाचित्र संगणकावर लगेच दिसते. त्यामुळे आज खऱ्या अन्नाचे छायाचित्र घेणे पूर्वीहून सोपे झाले आहे. मात्र त्याच संगणकावर रंग भडक करणे आणि डाग पुसणेही सोपे झाले. गोट्या गेल्या, तरी प्रश्न राहिलाच!

काहीही न मिसळता

सगळ्यांत अवघड प्रश्न ह्यापुढे आहे. काहीही बनावट न वापरता, नुसत्या मांडणीने चित्र बदलता येते.

पदार्थ लहान ताटलीत ठेवा. तो मोठा दिसतो. कॅमेरा खाली आणि जवळ आणा. समजा, समोरची वस्तू भिंगापासून २० सेंटिमीटरवर आणि मागची तेवढीच वस्तू ४० सेंटिमीटरवर आहे. चित्रात पुढची वस्तू मागचीच्या दुप्पट उंच दिसेल. भिंगाचे छिद्र मोठे ठेवले की पुढचा भाग सुस्पष्ट आणि मागचा धूसर येतो. मागे काय आहे, किती आहे, हे कळतच नाही.

मॅकडोनाल्ड्‌स ह्या कंपनीच्या कॅनडातील शाखेने २०१२ साली एक चित्रफीत प्रसिद्ध केली. जाहिरातीतला बर्गर दुकानातल्या बर्गरहून वेगळा का दिसतो, असे एका ग्राहकाने विचारले होते. चित्रफितीत दोन्ही बर्गर शेजारी ठेवून दाखवले. घटक तेच होते. दुकानातला बर्गर मिनिटभरात तयार झालेला आणि खोक्यात ठेवलेला. खोक्यात कोंडलेल्या वाफेने त्याचा पाव थोडा आक्रसलेला. छायाचित्रासाठीचा बर्गर बनवायला मात्र काही तास लागले. कांदा, काकडी, चीज हे सारे कॅमेऱ्याकडच्या कडेला ओढून मांडले, चटण्या पिचकारीने कडेवर थेंबथेंब लावल्या, आणि शेवटी संगणकावर किरकोळ दोष पुसले. मांडणारा म्हणेल, आत काय काय आहे ते कळावे म्हणून आम्ही पुढे आणले. घेणारा म्हणेल, मागेही तेवढेच असेल असे मला वाटले. सूपच्या वाटीतला प्रश्नच येथे पुन्हा भेटतो. फक्त आता गोट्या नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात अशा जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण झाले. त्याचे काम २०२० साली सुरू झाले, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी त्याने २०२२ साली मार्गदर्शक सूत्रे काढली. ह्या प्राधिकरणालाही दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. ग्राहकाला १९१५ ह्या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पण तक्रारीआधी हवी ती पाहण्याची सवय. पाकिटाच्या पुढच्या बाजूला चित्र असते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. सूपच्या पाकिटावर भाजीच्या आधी साखर, मीठ, मक्याचे पीठ आलेले दिसले, तर त्याचा अर्थ तुम्हांला कळेल. शिवाय मिश्रणाच्या पाकिटावर एखादा घटक चित्राने किंवा शब्दाने ठळक दाखवला असेल, तर त्याचे शेकडा प्रमाण छापावे लागते. म्हणजे पुढच्या बाजूचे चित्र जे सांगत नाही, ते मागच्या बाजूचा आकडा सांगतो. चित्र पाहून झाले की पाकीट उलटे करावे.

करून पाहा

१. एका काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर मैदा कालवा, म्हणजे ते गढूळ होईल. त्यात गाजर-बटाट्याचे उकडलेले तुकडे टाका. वरून आणि बाजूने पाहा. आता तुकडे काढून तळाशी स्वच्छ धुतलेल्या गोट्या घाला, तुकडे परत टाका आणि पाण्याची पातळी आधीइतकीच ठेवा. वरून पाहणाऱ्या मित्राला दोन्ही वेळी 'भाजी किती?' असे विचारा. त्याची उत्तरे लिहून ठेवा. (ही भाजी खाऊ नका.)

२. वरील प्रयोगात काढून टाकावे लागलेले पाणी मोजपात्रात मोजा. ते आकारमान गोट्यांच्या आकारमानाइतके आहे का?

३. तयार सूपचे एक पाकीट शाळेत आणा. शिक्षकांच्या मदतीने ती पूड चाळणीतून चाळा. वर राहिलेल्या सुक्या भाजीचे आणि एकूण पुडीचे वजन प्रयोगशाळेतील तराजूवर करा आणि टक्केवारी काढा. मागच्या बाजूच्या आकड्याशी ती ताडून पाहा. काही भाजी पूड होऊन मिसळलेली असू शकते, हे लक्षात घ्या. मग सगळ्या वर्गाने मिळून ठरवा: ह्या पाकिटासाठी प्रामाणिक छायाचित्र घ्यायचे, तर ते कसे घ्याल? पसरट ताटलीत, पळीत, की काचेच्या भांड्यात?